सहावर धरायचं

माझा पोरगा माझ्या सुनेच्या हातात पडायला घाबरतो, हे आमच्या गावानं ज्या दिवशी पाहिलं तो गुरुवार होता आणि दुपारचे सव्वादोन वाजले होते. वेळ पक्की आहे. माझ्या हाताखालच्या बाया जेवणाची सुट्टी लांबवून पंधरा मिनिटं उशिरा आल्या होत्या आणि मी त्यांना बोलणारच होते. बोलायचं राहून गेलं. नऊ वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

जानेफळच्या बाहेर आमचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे. हिरव्या जाळीचा मोठा मांडव म्हणा. आत मिरचीचं बियाणं घेतो. वाटेच्या एका बाजूला मादीच्या ओळी, दुसऱ्या बाजूला नराची एक. बाया दुपारी मादीची कळी चिमट्यानं अलगद उघडतात, आतला नराचा भाग काढून फेकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला पलीकडच्या नराची पावडर लावून लाल दोरा बांधतात. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. नवीन लग्न झालेल्या पोरी हे करताना पहिले चार दिवस लाजतात. पाचव्या दिवसापासून असं काही बोलायला लागतात की मला उगाच खोकावं लागतं. मी त्यांची मुकादम. सकाळी प्रत्येकीला दोऱ्यांच्या पाच जुड्या मोजून द्यायच्या, कामाच्या शेवटी उरलेले दोरे परत घ्यायचे. उरलेल्या दोऱ्यांवरून कोणी किती काम केलं ते कळतं. बाकीही पुष्कळ कळतं. कोणाचं घरी भांडण झालं, कोणाला दिवस गेलेत, कोणाचं चित्त कुठं आहे. दोरा बघून मी माणूस सांगते, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मीही ते ऐकून घेत असे.

अविनाश माझा एकुलता एक. दिसायला बरा आहे. हे मी आई म्हणून सांगत नाही; आई म्हणून सांगायचं असतं तर देखणा म्हटलं असतं. त्याची बायको प्राची. लग्नाला तीन वर्षं झाली. त्यातली दोन वर्षं दोघं मोबाईलवर नाचताहेत. वांग्याच्या वाफ्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आमच्या ओट्यावर, जिथं उजेड बरा असेल तिथं. लोक बघतात. मुंबई-पुण्याचे लोकही बघतात म्हणे. सगळ्यात जास्त बघतात ती त्यांची ‘पडता पडता’ नावाची एक अदा. प्राची पाठ करून उभी राहते. गाण्याच्या चौथ्या ठोक्याला, म्हणजे चारला, ती अंग सोडून सरळ मागं पडते, आणि अविनाश मागं उभा राहून सहावर तिला धरतो. मधल्या पाचला तो मोबाईलकडे बघून डोळा मारतो. जणू काही धरायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर आहे. तेवढ्यासाठी लोक बघतात.

मीही बघायचे. सुनेला नाचवता म्हणून नाकं मुरडणाऱ्या बायांची नावं मला पाठ आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या बाया घरी जाऊन तेच नाच चारचारदा बघतात तेही पाठ आहे.

तर अकोल्याचा प्रज्वल नावाचा एक दिग्दर्शक वऱ्हाडी सिनेमा काढत होता. त्यात एक गाणं होतं. गाण्याच्या बाकीच्या कडव्यांवर सिनेमाचा हिरो राजकुमार नाचणार होता. हा राजकुमार शेगावचा, मोबाईलवरच्या मालिकांमुळे बराच गाजलेला. पण एक कडवं प्रज्वलला खऱ्या शेतकरी जोडप्यावर घ्यायचं होतं. त्यानं अविनाश-प्राचीला हेरलं आणि वरून आमच्या शेडनेटमधला हिरवा उजेडही हेरला.

अविनाशनं मला न विचारता होकार दिला आणि गावभर सांगितलं. चौकात फ्लेक्स लागायचा तेवढा राहिला होता, तोही अशासाठी की मजकुरात ‘सिनेस्टार’ लिहायचं की ‘सुपरस्टार’ यावर त्याच्या मित्रांचं एकमत होत नव्हतं. नवीन शर्ट आला. केसांना काहीतरी लावलं. प्राचीनं काय केलं म्हणाल तर तिनं त्या सकाळी आधी आपल्या पाच जुड्या संपवल्या, मग तोंड धुतलं.

शूटिंगवाले आले तेव्हा मी दारातच उभी. “हात साबणानं धुवा, कपडे झटका. चालायचं मधल्या वाटेनंच. वाट साडेचार फुटाची हाय. इकडं तिकडं कोणी कलंडलं त मादीचं झाड मोडते, अन् मंग मी मोडते.”

“काय मोडता, मावशी?” राजकुमारनं हसून विचारलं.

“जे हाताशी येईल ते.”

त्यानं मुकाट हात धुतले. कॅमेरेवाल्यांनीही धुतले. सगळ्यांत शेवटी करिष्मा मॅडमनी धुतले. या नाच बसवणाऱ्या बाई, खामगावच्या. चाळिशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. त्यांनी धुतलेले हात हलवत आमच्या ओळींकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, “इथं मादीच्या ओळी चार अन् नराची एकच?”

“तेवढा पुरते,” आमची धम्मशीला म्हणाली. धम्मशीला माझी सगळ्यात जुनी बाई. तिच्या चिमट्याला आणि जिभेला सारखीच धार.

गाणं लावलं. पुरुषाचा आवाज होता. ‘तोल गेला माहा, धर मले साजणी.’ अविनाश आणि प्राचीनं आपलं नेहमीचं करून दाखवलं. चारला ती पडली, पाचला त्यानं डोळा मारला, सहावर धरलं. जाळीबाहेर जमलेल्या गावानं शिट्ट्या मारल्या.

करिष्मा मॅडमनी आपलीही शिट्टी मारली, पण थांबवायला.

“गाणं कोण म्हणून राह्यलं?” त्यांनी विचारलं.

“मी,” अविनाश म्हणाला.

“तोल कोणाचा गेला?”

“माहा.”

“मंग पडून कोण राह्यलं?”

अविनाशनं प्राचीकडे पाहिलं. प्राचीनं जमिनीकडे पाहिलं. जाळीबाहेर कोणीतरी फिसकन हसलं.

“मॅडम, पब्लिकले हेच आवडते,” अविनाश म्हणाला. “हे पडते, मी धरतो.”

“ते मोबाईलवर. इथं तू पडशील, हे धरंल. गाण्यात जे हाय ते.”

प्रज्वलला ते एकदम पटलं. दिग्दर्शक लोकांना दुसऱ्याची गोष्ट किती पटकन पटते आणि किती पटकन ती त्यांची होते, हे मी तिथंच मोजलं. अर्धा मिनिट. “हेच मी म्हणत होतो,” असं तो कॅमेरावाल्याला सांगतही होता.

मला आधी गंमत वाटली. म्हटलं, बरं आहे, पोरालाही कळू दे जरा. आईला अशी गंमत वाटू नये, पण वाटली ती लिहिली.

करिष्मा मॅडम प्राचीला शिकवू लागल्या. एक पाय मागं टाकायचा, गुडघा वाकवायचा, दोन्ही हात त्याच्या खांद्यांच्या पात्यांखाली घालायचे, भार हातावर नाही घ्यायचा, कमरेवर आणि मांडीवर घ्यायचा. “कमरेवर. इथं,” असं म्हणत त्यांनी प्राचीच्या पाठीच्या शेवटच्या मणक्यावर दोन बोटं दाबली.

 प्राचीनं नुसता श्वास आत ओढला आणि डोळे गच्च मिटले.

मॅडमनी बोटं काढली. “हे कधीचं?”

“मार्गशीर्षातलं.”

“कशानं?”

“सातानं,” प्राची म्हणाली. आणि लगेच, “काही नाही, मॅडम. जुनं हाय. घेते ना भार.”

माझ्या हातात तेव्हा उरलेल्या दोऱ्यांची जुडी होती. मी ती मोजत होते. एकोणीसवर होते. तिथंच थांबले.

मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारनंतरचे चार दिवस, प्राचीनं रोज दोन दोन जुड्या जशाच्या तशा परत दिल्या होत्या. खालच्या फांद्यांच्या कळ्या तिनं सोडून दिल्या होत्या, नुसत्या वरच्या केल्या होत्या. उकिडवं बसतच नव्हती. मी अकरा बायांसमोर म्हटलं होतं, “मोबाईलवर नाचायले कंबर हालते, कामाले काऊन नाही हालत वं?” बाया हसल्या होत्या. ती म्हणाली होती, “मोरीत पाय घसरला, आई.” मी मनात लिहून ठेवलं होतं: आळस.

आणि त्याच दुसऱ्या गुरुवारी, आमच्या ओट्याच्या फरशीवर केलेला एक नाच त्यांनी मोबाईलवर टाकला होता. लोक खाली लिहीत होते की अजून उशिरा धर, अजून खाली येऊ दे. अविनाशनं सहाऐवजी सातवर हात घातला होता. ती टेकली होती. टेकली म्हणजे आपटली. आणि मग ती हसली होती, तोही हसला होता, आणि तो नाच त्यांच्या सगळ्या नाचांत जास्त बघितला गेला होता. मी तो रोहिणखेडच्या माझ्या बहिणीला पाठवला होता. खाली हसणारी दोन तोंडं टाकून.

दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. वार माहीत, दोरे माहीत. शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. मी, दोरा बघून माणूस सांगणारी.

मला खाली बसावंसं वाटलं. शेडनेटमध्ये बसायला जागा नसते. मी बांबूला धरून उभी राहिले.

तिकडे शूटिंग सुरू झालं होतं. आधी वाटेत गादी टाकून तालीम केली. गादीवर अविनाश बरा पडला. म्हणजे बसल्यासारखा पडला, पण पडला. मग प्रज्वल म्हणाला, “गादी काढा, फ्रेममध्ये येते.” गादी काढली. खाली तुडवून दगडासारखी झालेली काळी माती.

गाणं लागलं. चार आला. अविनाशनं मान वळवून मागं पाहिलं.

“कट. मागं पाहायचं नाही, भाऊ.”

दुसऱ्या वेळी गुडघा वाकला. तिसऱ्या वेळी पाय मागं टाकून स्वतःच स्वतःला सावरलं. चौथ्या वेळी पडलाच नाही, गाणं पुढं निघून गेलं. मला दुसरं काही सुचेना म्हणून मी प्रत्येक वेळेला बांबूला एक दोरा बांधत गेले. सवयीच्या हातांना काहीतरी लागतं. पाचव्या दोऱ्याला घामानं त्याचा नवीन शर्ट पाठीला चिकटला. सहाव्याला तो खाली बसला आणि म्हणाला, “माती घसरते.” माती कुठंही घसरत नव्हती.

ते सव्वादोन.

बाया परत येऊन दाराशी थबकल्या. जाळीबाहेर पन्नास माणसं. कोणीही हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं. पहिल्यांदा मागं पाहिलं तेव्हा हसले होते, दुसऱ्यांदाही हसले. आता प्रत्येक गडी आपापल्या बायकोकडे न बघता समोर बघत होता, आणि प्रत्येक बाई जरा जास्तच निरखून बघत होती.

“काऊन पडून नाही राह्यला तो?” एका बाईनं हळूच विचारलं.

“त्याले माहीत हाय,” धम्मशीला म्हणाली.

“काय?”

“धरणारा काय काय करू शकते ते.”

तिला हे कसं कळलं, मी विचारलं नाही. मार्गशीर्षात प्राचीनं सोडलेल्या खालच्या फांद्यांच्या कळ्या गुपचूप कोणी केल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

प्रज्वलनं घड्याळ पाहिलं. पाचनंतर जाळीतला उजेड पिवळा पडतो, तो त्याला नको होता. “असं करू,” तो म्हणाला, “हे कडवंही राजकुमारभाऊवर घेऊ. ताई राहतील, भाऊ बसतील. काय, भाऊ? वाईट वाटून घेऊ नका.”

राजकुमारनं मनगटातलं कडं काढून कोणाच्या तरी हातात दिलं, वाटेत आला आणि प्राचीकडे पाठ करून उभा राहिला. तो ताई म्हणाला नाही. “धरा बरं,” एवढंच म्हणाला. गाणंही लावायला सांगितलं नाही. आणि पडला. झाड तोडल्यावर पडतं तसा, सरळ, न वाकता.

प्राचीनं धरला.

आता जे सांगायचं ते सासूनं सांगू नये. पण तिथं माझ्याइतकं जवळ दुसरं कोणी नव्हतं. साडेपाच फूट लांब तो गडी तिच्या मांडीवर आणि हातांवर तोललेला. त्याचं तोंड वर, तिचं तोंड खाली, मध्ये वीतभर जागा. त्याच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तो हसायला गेला, ते हसू अर्ध्यावर राहिलं. हिरो लोकांना बायांच्या तोंडाजवळ जायची सवय असते. पण तो गेला नव्हता, तिनं त्याला तिथं ठेवला होता. “अरे वा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला.

तिनं त्याला लगेच उचलला नाही. एक, दोन, तीन. मी मोजलं. प्राचीचं तोंड मी बघत होते. लाज नव्हती त्यावर. आनंद म्हणावा तर तोही नव्हता. असं तोंड मी तिचं एकदाच पाहिलं होतं, पहिल्या वर्षी, पाचही जुड्या संपवून ती रिकामे हात पुढं करून माझ्यासमोर उभी राहिली होती तेव्हा. दोरे नाहीत, आई. संपले.

 सून हातची गेली, असं वाटलं. आणि दुसरं असं वाटलं की ती हातात होती कधी?

अविनाशनं ते पाहिलं. चौथ्या आकड्याला तो वाटेतून चालत सरळ बाहेर गेला. प्राचीनं राजकुमारला उभं केलं, पदर खोचला आणि त्याच्या मागं गेली. दोघं पाण्याच्या टाकीमागं उभे राहिले. मी ऐकत नव्हते. मी टाकीच्या नळावर हात धूत होते. नीट धुवायचे म्हटले तर हात धुवायला वेळ लागतो.

“त्याले सोडलं काऊन नाही लवकर?” अविनाश.

“वजन होतं.”

“माह्यात नाही काय वजन?”

“तुमचं वजन तुम्ही मले कधी देऊन पाह्यलं?”

 मी नळ बारीक केला.

“सारं गाव पाहून राह्यलं, प्राची.”

“ओट्यावर मी पडली तवाही पाह्यलं. अकरा लाखानं.”

“तू हसली होती!”

“तुम्ही मोबाईल बंद केला नव्हता. रडायचं कुठं मंग?”

  मग त्यानं जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही, कारण असा आवाज त्यानं पाचवीत असताना विहिरीत उतरायच्या वेळी काढला होता.

“मी पडलो त... तू धरशील ना?”

मला वाटलं ती हो म्हणेल. हो म्हणायला काय लागतं? बाया दिवसातून चाळीसदा म्हणतात, निम्म्या वेळा काय विचारलं ते न ऐकता.

प्राची म्हणाली, “मी दोन वर्षं हे विचारलं नाही तुमाले.”

आणि ती आत निघून गेली. माझ्या शेजारून गेली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, धुतले की हात?” मी नळ बंद केला.

आत राजकुमार जागेवर उभा राहून खांदे मोकळे करत होता. करिष्मा मॅडम त्याला पाय कुठं ठेवायचा ते सांगत होत्या. उजेड बरोबर होता. प्रज्वल “रेडी” म्हणाला, आणि तेवढ्यात अविनाश दारातून आला. त्यानं दाराशी हात धुतले. कोणी सांगितलं नव्हतं. कपडे झटकले. वाटेतून आला आणि राजकुमारला म्हणाला, “भाऊ, सरका जरा. बायको माही हाय.”

“अरे, पण पडशील का?” प्रज्वल.

“एकदा घ्या.”

राजकुमारनं करिष्मा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी प्राचीकडे पाहिलं. प्राचीनं एक पाय मागं टाकला. राजकुमार बाजूला झाला; खरं सांगायचं तर त्याचं मन नव्हतं. जाता जाता त्यानं वळून प्राचीकडे पाहिलं ते मी बघितलं, आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही तेही बघितलं.

गाणं लागलं. अविनाशचे हात शरीराला चिकटलेले, मुठी वळलेल्या. एक, दोन. तो काहीतरी पुटपुटत होता, बहुतेक देवाचं नाव. त्याचा बाप शेगावला दर्शनाला गेलेला, पोरगा इथं नाव घेतोय. तीन.

चारला त्यानं डोळे मिटले आणि अंग सोडलं.

गुडघा वाकला नाही. मान वळली नाही. पाय मागं गेला नाही. माझा सहा फुटी पोर आडवा व्हायला लागला आणि मी नकळत दोन्ही हात पुढं केले, पंधरा फुटांवरून. पाच. प्राचीचे हात पुढं आले आणि तिथंच थांबले.

सहा.

सहा गेला. गाण्याचा ठोका पडला, आणि तिनं धरलं नाही.

जाळीबाहेरच्या एका बाईनं किंकाळी फोडली.   मला प्राचीचं तोंड दिसत होतं. ती त्याच्याकडे बघत होती. रागानं नव्हे. मी कळी बघते तशी, उघडायला आली की नाही.

सातवर तिनं धरला.

इतक्या खाली धरला की त्याच्या केसांना माती लागली. डोकं टेकलं नाही, केस टेकले. धक्क्यानं तिचा मागचा गुडघा जमिनीवर आदळला, कमरेत कळ गेली असणार, कारण तिनं ओठ चावला. पण हात हलले नाहीत. अविनाशनं डोळे उघडले. असे डोळे मी माणसाचे कधी पाहिले नव्हते. वीज पडून वाचलेलं जनावर बघतं तसे.

कोणी ‘कट’ म्हणालं नाही. प्रज्वल विसरला. गाणं पुढं चाललं होतं, तोल गेला माहा, तोल गेला माहा, आणि साडेचार फुटांच्या वाटेत ते दोघं तसेच, दोन्हीकडची मिरचीची झाडं शांत, एक फांदी मोडली नव्हती.

“सात,” अविनाश म्हणाला. मला ओठांवरून कळलं.

“हाव,” ती म्हणाली. “तवाही सातच होते.”

त्यानं हात वर केला. मला वाटलं आता मारतो. खरंच वाटलं, लपवत नाही. मी पुढं झाले. पण तो हात तिच्या पाठीमागं गेला, खाली, शेवटच्या मणक्यापाशी, आणि तिथं नुसता ठेवला गेला. दाबला नाही. आणि त्याचे कान लाल झाले. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी घेताना झाले होते, तसे. त्यानंतर तीन वर्षांत मी ते कान लाल झालेले पाहिले नव्हते.

मला नजर फिरवावी लागली. राजकुमारही दुसरीकडे बघत होता, मनगटात कडं घालत, पण ते काही केल्या जात नव्हतं.

“कट,” करिष्मा मॅडमच म्हणाल्या.

टाळ्या उशिरा आल्या, तुटक तुटक. लोकांना टाळ्या वाजवाव्या की पोराला उचलायला धावावं ते कळत नव्हतं. प्रज्वल त्या छोट्या पडद्यात डोकं घालून पुन्हा पुन्हा तेच बघत होता. “ॲक्टिंग काय केली राव यानं! हे डोळे, हे डोळे पाहा!” मग त्यानं डोकं वर काढलं. “सोनं झालं. पण आणखी एक घेऊ. जपून ठेवायले. जमंल का, भाऊ?”

मी म्हणणार होते, नाही. आई आहे मी, मुकादम आहे, शेडनेट माझं आहे. बस झालं.

अविनाश उठला होता. केसांतली माती त्यानं झटकली नव्हती. तो वाटेत आपल्या जागी गेला, प्राचीकडे पाठ केली आणि उभा राहिला. मुठी उघड्या होत्या.

“या बारीले कितीवर?” त्यानं समोर बघतच विचारलं.

प्राची मागं पाय टाकत होती. गुडघ्यावर पातळाला मातीचा गोल डाग पडला होता. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“मोजू नका,” ती म्हणाली.

गाणं लागलं. बाहेरच्या पन्नास माणसांनी श्वास धरला. माझ्या हातात दोऱ्यांची जुडी तशीच होती. धम्मशीला माझ्याजवळ सरकली, बांबूकडे बोट करून हळूच म्हणाली, “विमलबाई, हा कितवा?”

मी बांबूकडे पाहिलं. हातातल्या जुडीकडे पाहिलं. मला सांगता आलं नाही.